उष्टावणाचा योग्य काळ : सहावा मास, दंतोद्भव आणि घिवली परिसरातील व्यवहार

बालकास प्रथम अन्न केव्हा द्यावे, हा प्रश्न वैद्याच्या दारी बहुधा मुहूर्ताच्या रूपाने येतो. घिवलीसारख्या किनाऱ्यावरील गावातील आजी नातवाला कडेवर घेऊन येते आणि विचारते, "बाळाचं उष्टावण कधी करू?" तिला तिथी हवी असते. वैद्याने मात्र त्या प्रश्नातून बालकाचा अग्नी, वजन, मातेचे स्तन्य आणि घरातील चूल या चारही गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि अन्न दोन महिने आधी सुरू झाले अथवा तीन महिने उशिरा सुरू झाले, तर त्याचे मोल बालकास पुढे दीर्घकाळ द्यावे लागते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखात शास्त्रवचनांचा आशय, आजचे बालपोषणविज्ञान आणि पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातील प्रत्यक्ष व्यवहार यांचा एकत्र विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम आमच्याच एका चुकीची नोंद करतो. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील एका मासेमार कुटुंबातील सहा महिन्यांची कन्या आमच्याकडे आणली होती. तिला दात आलेले नव्हते. दंतोद्भव झाल्यावर अन्न द्यावे, असा सल्ला आम्ही दिला. आमच्या मते तो ग्रंथाला धरून होता. कुटुंबाने तो निष्ठेने पाळला. दात अकराव्या महिन्यात आले. दरम्यान दहाव्या महिन्यात ती सर्दी-खोकल्यासाठी पुन्हा आली, तेव्हा तिचे वजन साडेसहा किलो होते. त्या वयाच्या मुलीचे मध्यम वजन सुमारे साडेआठ किलो असते. नखे व पापण्यांची आतील बाजू पांढुरकी होती, बालक किरकिरे आणि मलूल होते. आई स्तनपान मनापासून करीत होती. आजीने काही कमी केले नव्हते. कमतरता आमच्या सल्ल्यात होती. त्यानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा काळजीपूर्वक वाचले आणि आपण दोन वेगळ्या विधींची गल्लत केली होती, हे ध्यानी आले.

ग्रंथांचा आशय

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात षण्मास वयाच्या बालकास लघु व हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. तेथे दातांची अट नाही. सूत्रस्थानात वयाचे विभाग करताना त्यांनी एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यापुढे अन्नाद असे वर्णन केले आहे. क्षीरान्नाद ही संज्ञा फार अर्थपूर्ण आहे. दूध आणि अन्न एकत्र चालण्याचा दीर्घ काळ शास्त्राला अभिप्रेत आहे. एक बंद करून दुसरे सुरू करणे अभिप्रेत नाही. पहिल्या वर्षास क्षीरप म्हटले आणि तरीही सहाव्या मासी अन्न सांगितले, यात विरोध नाही. त्या वर्षात दूध मुख्य आणि अन्न त्याचे साहाय्यक, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

काश्यपसंहितेत क्रम अधिक तपशिलाने येतो. नेपाळमध्ये हस्तलिखित मिळून १९३८ साली मुद्रित झालेला हा ग्रंथ खंडित असला, तरी कौमारभृत्यात त्याचे स्थान अनन्य आहे. त्याच्या खिलस्थानात सहाव्या मासी फलप्राशन, आणि दात आल्यावर अथवा दहाव्या मासी अन्नप्राशन सांगितले आहे. अन्न जुन्या शालीचे अथवा षष्टिक तांदुळाचे, तूस काढून धुतलेले, स्नेहयुक्त व लेहरूप असावे. देश, अग्नी, बल आणि काल पाहून द्यावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे काश्यपमतानेही दात येईपर्यंत बालक केवळ दुधावर ठेवावयाचे नाही. सहाव्या मासी दुधाव्यतिरिक्त आहाराचा आरंभ झालेलाच आहे.

वाग्भटाचार्यांच्या अष्टांगसंग्रहात सहाव्या मासी अन्नप्राशन करून ते क्रमाने वाढवावे असे येते. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दंतोद्भवाचा जो उल्लेख आहे तो स्तन्यापनयनाविषयी आहे, म्हणजे दूध हळूहळू कमी करण्याविषयी. आमची चूक नेमकी येथे झाली होती. दूध कमी करण्याची खूण आम्ही अन्न सुरू करण्याची खूण मानली. अनेक वैद्यबंधूंकडून ही गल्लत होते, म्हणून ती येथे स्पष्टपणे मांडली आहे.

गृह्यसूत्रकारांनीही अन्नप्राशनासाठी सहावा मास सांगितला आहे. आश्वलायन व पारस्कर यांनी त्या प्रसंगी कोणत्या फलासाठी कोणते अन्न द्यावे हे सांगताना पक्ष्यांच्या मांसाचा, आणि पारस्करांनी मत्स्याचाही उल्लेख केला आहे. किनाऱ्यावरील वैद्याने हे विसरू नये. बालकाच्या पहिल्या वर्षातील अन्नात मत्स्य असणे ही आजची नवी कल्पना नाही.

सहावा मास म्हणजे नेमका कोणता?

व्यवहारातील खरा घोटाळा गणनेचा आहे. 'सहावा महिना लागला' आणि 'सहा महिने पूर्ण झाले' यांत पूर्ण एका महिन्याचे अंतर आहे. पहिल्या गणनेने बालक १५० दिवसांचे असते, दुसऱ्या गणनेने १८० दिवसांचे. त्यातच आपल्याकडे मुलग्याचे उष्टावण सम मासात आणि मुलीचे विषम मासात करण्याची रूढी आहे. मुलीचा 'पाचवा महिना' चालू गणनेने धरला, तर तिचे वय केवळ चार महिने पूर्ण एवढेच असते. त्याच घरातील मुलगा सहा महिन्यांनी अन्न खाऊ लागतो आणि मुलगी दोन महिने आधी स्तन्यापासून अंशतः तुटते. रूढी मोडण्याचा आग्रह न धरताही यातून मार्ग निघतो. सहा महिने पूर्ण होताच सातवा मास लागतो आणि तो विषमच आहे. मुलीसाठी सातवा मास सुचविला की आजीचेही समाधान होते आणि बालकाचेही हित साधते. मुलग्याच्या घरी सहावा मास संपण्याच्या सुमाराचा, म्हणजे १८० व्या दिवसालगतचा मुहूर्त पाहण्यास सांगावे. चांद्रमासाने मोजलेले सहा महिने सुमारे १७७ दिवसांचे होतात; हा दोन-तीन दिवसांचा फरक गौण आहे.

आजचे विज्ञानही याच बिंदूवर येऊन ठेपले आहे. पूर्वी चार ते सहा महिने अशी संदिग्ध मर्यादा सांगितली जात असे. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी शिफारस स्वीकारली.

याची कारणे दोन्ही बाजूंनी समजून घ्यावीत. सहा महिन्यांपूर्वी बालकाच्या स्वादुपिंडातील पिष्टमय पदार्थ पचविणारा स्राव अल्प असतो. आपण ज्यास मृदू अग्नी म्हणतो त्याचे हे एक दृश्य रूप होय. लवकर दिलेले अन्न स्तन्याची जागा घेते, आणि त्यासोबत हात, वाटी व पाणी यांतून अतिसाराचे कारण पोटात जाते. उलट बाजूने पाहता, पूर्ण दिवसांच्या बालकाने गर्भावस्थेत साठविलेले लोह साधारणतः चार ते सहा महिने पुरते. स्तन्यात लोह लिटरमागे सुमारे ०.३ मिलिग्रॅम असते. ते उत्तम शोषले जात असले तरी सहाव्या महिन्यानंतर अपुरे पडते. स्तन्य 'निकस' झाले म्हणून हे घडत नाही. बालकाची गरज वाढलेली असते. मातेस हे याच शब्दांत सांगावे, अन्यथा ती आपल्या दुधालाच दोष देऊ लागते.

बालक सिद्ध झाल्याची लक्षणे

दिवस मोजणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. आम्ही पुढील लक्षणे पाहतो. मान पूर्ण धरलेली असावी. आधाराने बसविले असता धड स्थिर राहावे. हात वस्तूपर्यंत नेऊन ती तोंडाकडे आणता यावी. चमचा ओठांना लावला असता जिभेने तो बाहेर ढकलण्याची सहज प्रवृत्ती मावळलेली असावी. मोठ्यांच्या ताटाकडे बालकाने औत्सुक्याने पाहावे. हे शेवटचे लक्षण एकटे असेल तर त्यास महत्त्व देऊ नये. चार महिन्यांचे बालकही ताटाकडे टक लावून पाहते. मुठी चोखणे अथवा रात्री वारंवार उठणे ही अन्न मागण्याची खूण नव्हे.

दात हे लक्षण मानू नये. पहिला दात बहुधा सहा ते दहा महिन्यांत येतो, परंतु निरोगी बालकात तो वर्षाच्या आसपासही येऊ शकतो. हिरड्यांनी मऊ भात उत्तम चावला जातो.

अकाली जन्मलेल्या बालकात वय सुधारून मोजावे लागते आणि विकासाची लक्षणे अधिक बारकाईने पाहावी लागतात. कमी वजनाच्या बालकाचा लोहसाठा मुळातच अल्प असल्याने त्याला लोह दुसऱ्या महिन्यापासूनच द्यावे लागते. अशा बालकास बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवणे हेच इष्ट. प्रारंभाच्या दिवशी ज्वर वा अतिसार असेल तर तो शमेपर्यंत थांबावे, मात्र ही सबब लांबवू नये.

चार-पाच महिन्यांच्या बालकाचे वजन वाढत नसेल, तर लगेच पेज सुरू करण्याचा मोह टाळावा. प्रथम बालकास स्तनाशी धरण्याची पद्धत, रात्रीचे स्तनपान, मातेचा आहार व विश्रांती पाहावी. दिवसातून सहा वा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे.

या पट्ट्यातील दोन टोके

घिवली हे तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या शेजारचे किनाऱ्यावरील गाव. एका बाजूस समुद्र आणि मासेमारी, दुसऱ्या बाजूस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. दोन्हींकडील मातांच्या अडचणी भिन्न आहेत आणि म्हणून चुकाही भिन्न आहेत.

कारखान्यात वा कंत्राटी कामावर जाणाऱ्या मातेच्या बालकाला अन्न लवकर सुरू होते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. परंतु त्यांतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले गेले, तर नंतर १८ आठवडेच उरतात, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. कंत्राटी कामावरील अनेक मातांच्या वाट्यास तेवढेही येत नाहीत. चौथ्या महिन्यात आई कामावर परतते आणि घरी दुधाची बाटली, तांदुळाचे पाणी अथवा बिस्किट सुरू होते. येथे उपदेशापेक्षा उपाय हवा. आईने स्वच्छ हातांनी दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे, ते घरात थंड जागी चार तासांपर्यंत आणि शीतकपाटात एक दिवसापर्यंत वापरता येते. वाटी-चमच्याने पाजावे, बाटली टाळावी. कामावर जाण्यापूर्वी, परतल्यावर आणि रात्री अंगावर पाजणे चालू ठेवावे.

किनाऱ्यावर आम्हांस बहुधा उलट टोक दिसते. मासळी घेऊन बाजारास जाणारी आई पहाटे निघते, बालक आजीजवळ असते. अन्न 'सुरू' झालेले असते, पण ते वरणाचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज अथवा चहात बुडविलेले बिस्किट एवढेच असते. घरात मासळी असते, भात असतो, अंडे असते. बालकाच्या वाटीत मात्र त्यातले काहीच नसते. कारण एकच, "दात नाहीत, पचणार नाही."

पालघर जिल्ह्यातील कुपोषणाची चर्चा झाली की जव्हार-मोखाड्याचे डोंगर डोळ्यांसमोर येतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता, आणि ते दुःख आजही विसरण्याजोगे नाही. परंतु डोंगरात अन्नाचा अभाव असतो, तर किनाऱ्यावर अन्न असूनही ते योग्य वयात बालकापर्यंत पोहोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सहा ते आठ महिने वयाच्या केवळ ४५.९ टक्के बालकांना स्तन्यासोबत घन वा अर्धघन अन्न मिळत होते. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयातील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हे आकडे केवळ दारिद्र्याचे नाहीत. सल्ल्याच्या अभावाचेही आहेत.

पातळ पेजेचे गणित

सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपायी बालकास अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५० किलोकॅलरी मिळणे आवश्यक असते. आता पेजेचा विचार करावा. दहा ग्रॅम तांदूळ घालून केलेल्या एका वाटी पातळ पेजेतून जेमतेम ३५ किलोकॅलरी मिळतात. दोनशे भरून काढण्यास सहा वाट्या लागतील. बालकाचे जठर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बालकात एका वाटीएवढेच मावून घेते. पोट भरते, बालक झोपते, आजीला समाधान वाटते आणि वजन मात्र जागचे हलत नाही.

याउलट २० ग्रॅम तांदूळ व १० ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून त्यात दोन लहान चमचे तूप घातले, तर सुमारे १९५ किलोकॅलरी मिळतात आणि हे अन्न जेमतेम एका वाटीत मावते. दोन वा तीन वेळांत विभागून बालक ते सहज खाते. आम्ही आजीला एकच कसोटी सांगतो : चमचा तिरपा केला असता अन्न ओघळून पडू नये, चमच्याला धरून राहावे. काश्यपांनी सांगितलेले लेहरूप ते हेच.

नाचणी, जिला आपल्याकडे नागली म्हणतात, ती मोड आणून, वाळवून, भाजून दळावी. मोड आल्याने पिठातील पिष्ट अंशतः सुटे होते, खीर कमी पाण्यातही मऊ राहते आणि लोहाचे शोषणही सुधारते. आपल्या आज्यांचे नाचणीसत्त्व ही शास्त्रशुद्ध कृती आहे.

क्रम

पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा, मध्यान्हाच्या सुमारास, बालक प्रसन्न असताना दोन-तीन चमचे मऊ अन्न द्यावे. प्रथम स्तनपान, मग अन्न, असा क्रम आरंभी ठेवावा. नवा पदार्थ एका वेळी एकच आणावा व दोन-तीन दिवस पाहावे. सातव्या-आठव्या महिन्यात दोन ते तीन वेळा, दर वेळी अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा, बारीक कुस्करलेले व हाती धरता येईल असे. वर्षाअखेर घरचेच तिखट नसलेले अन्न पाऊण ते एक वाटी, असा विस्तार करावा. काश्यपांचा दहावा मास आम्ही याच अर्थाने घेतो. दहाव्या मासापर्यंत बालक धान्य, डाळ, भाजी, फळ आणि मासळी असे सर्व प्रकारचे अन्न खाऊ लागलेले असावे. हा अर्थ आमचा आहे. विद्वानांनी त्यावर अवश्य विचार करावा.

फळांत पिकलेले केळे कुस्करून आणि डहाणू-घोलवडचा चिकू बी व साल काढून द्यावा. पालेभाजी, भोपळा, गाजर शिजवून अन्नातच मिसळावे. अंडे पूर्ण शिजवून सातव्या महिन्यापासून देता येते. अंडे वा शेंगदाण्याचे कूट मुद्दाम वर्षभर टाळल्याने असात्म्यता टळत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे; शेंगदाणे मात्र अखंड देऊ नयेत, घशात अडकतात. ज्या बालकास तीव्र त्वचाविकार आहे, त्यात हे पदार्थ तज्ज्ञांच्या सल्ल्याने आणावेत.

मासळीत पापलेट, रावस, बोंबील यांचा शिजवलेला गर काटे बोटांनी तपासून भातात कालवावा. मीठ न लावता वाळविलेला जवळा निवडून, धुऊन, वाळवून, भाजून केलेली बारीक पूड चिमूटभर खिचडीत घालता येते. मत्स्य व दूध यांच्या विरुद्धाहाराची शंका वैद्यबंधूंच्या मनात येईल. मत्स्ययुक्त अन्न गाई-म्हशीच्या दुधात कालवू नये आणि एकाच वेळी देऊ नये, एवढी मर्यादा पाळावी. त्यासाठी स्तनपान थांबविण्याचे कारण नाही.

साखर व मीठ वर्षापर्यंत वरून घालू नये. ग्रंथांत लवणाचा उल्लेख आहे हे खरे, परंतु आज बालकाच्या वाट्यास येणारे मीठ बिस्किट, फरसाण व वाळविलेली मासळी यांतून नकळत जाते; म्हणून अधिकचे नको. शिळे अन्न नको. पाणी उकळून गार केलेले असावे, आणि खाऊ घालणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले असावेत. मासळी हाताळणाऱ्या घरात ही सूचना प्रत्येक भेटीत द्यावी.

मध, गुटी आणि अजादुग्ध

तीन विषयांत परंपरा आणि आजचे ज्ञान यांचा मेळ घालताना वैद्याने निर्भीडपणे बोलावे लागते.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे बीज असू शकते. मोठ्यांस ते बाधत नाही, परंतु वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ते रुजून स्नायूंना निश्चेष्ट करणारे विष निर्माण करू शकते. हा विकार विरळ असला तरी प्राणघातक ठरू शकतो, आणि उकळण्याने ते बीज नष्ट होत नाही. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अनुपान म्हणूनही देऊ नये. जातकर्मातील मधाचे बोट आणि पुष्य नक्षत्राच्या सुवर्णप्राशन शिबिरांतील मधयुक्त थेंब यांसही हाच नियम लागू होतो. ज्या शिबिरांत आपले बंधू सहभागी होतात, तेथे वर्षाखालील बालकांना मधयुक्त कल्प देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

गुटीविषयी असे की, वैद्याने विशिष्ट लक्षणासाठी अल्पकाळ दिलेले औषध हे औषध होय. परंतु रोज नित्यनेमाने सहाणेवर उगाळलेल्या गुटीत खारीक व बदाम असतात. ते आहारच आहेत, आणि सहा महिन्यांपूर्वी तो आहार अस्वच्छ सहाण व पाण्यासह पोटात जातो. जायफळाच्या वळशांची संख्या वाढली की बालक झोपाळू होते व स्तनपान कमी होते. सहा महिन्यांखालील बालकास नित्य गुटी नको.

अजादुग्धाचे गुण वाग्भटाचार्यांनी गायिले आहेत. तथापि शेळीच्या दुधात फोलेट अल्प असते. बालक केवळ त्यावर ठेवले तर रक्तक्षय होतो. स्तन्य नसलेल्या बालकाचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यात बालरोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

आई पुन्हा गर्भवती झाली की बालकाचे दूध एकाएकी तोडले जाते, आणि ग्रंथांतील पारिगर्भिकाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते : अग्निमांद्य, कृशता, अरुची, मोठे उदर. काश्यपांच्या गर्भज फक्काचे मूळही येथेच आहे. अशा बालकास दीपन औषधासोबत दाट, स्नेहयुक्त अन्न वाढविणे हीच मुख्य चिकित्सा.

औषधविक्रेत्यांसाठी

१९९२ च्या आणि २००३ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने दोन वर्षांखालील बालकांसाठीचे डब्यातील दूध, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांची जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू व विक्री वाढविण्यासाठीच्या सवलती यांस मनाई केली आहे. दुकानात त्यांचे फलक लावणे वा गल्ल्याजवळ सवलतीची पाटी ठेवणे हे कायद्याच्या विरोधात जाते. आरोग्यसेवकाने अशा विक्रीवर दलाली वा भेट स्वीकारणेही निषिद्ध आहे. चार महिन्यांच्या बालकासाठी शिशुआहाराचा डबा मागणाऱ्या आजीला "बाळ किती दिवसांचं आहे?" एवढा एक प्रश्न विचारला, तरी दुकानदाराने मोठे काम केले असे होईल.

२०१८ पासूनच्या रक्तक्षयमुक्तीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे पातळ औषध दिले जाते. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. आपण लोह वा मंडूरकल्प योजण्यापूर्वी हे औषध चालू आहे का, ते विचारावे. मात्रा दुप्पट होता कामा नये. लोहाची बाटली बालकाच्या हाती लागणार नाही अशी ठेवण्यास सांगावे.

सहाव्या महिन्याची रिकामी जागा

शेवटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात चौदाव्या आठवड्यानंतरची पुढची लस नवव्या महिन्यात असते. म्हणजे साडेतीन महिन्यांनंतर बालक लसीसाठी बाहेर पडते ते थेट नऊ महिन्यांनी. ज्या महिन्यात अन्नाचा निर्णय व्हावयाचा, त्याच महिन्यात लसीची भेट नाही. २०१८ पासून आशा कार्यकर्तीने सहाव्या महिन्यात घरी भेट द्यावी अशी योजना आहे, आणि अंगणवाडी तर आहेच. अंगणात जाऊन मुले गोळा करण्याची ती कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी याच भागात, बोर्डी-कोसबाडला फुलविली होती. परंतु या दोघींच्या जोडीने आणखी एका व्यक्तीकडे कुटुंब स्वतःहून येते, आणि ती म्हणजे उष्टावण विचारण्यासाठी ज्याच्याकडे जावे तो वैद्य.

म्हणून आम्ही एक साधी रीत अवलंबिली आहे. तीन-साडेतीन महिन्यांचे बालक कोणत्याही कारणाने आले, की त्याच्या जन्मतारखेपासून १८० वा दिवस मोजून ती तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो व सांगतो, "या दिवसाच्या आसपास उष्टावण करा, आणि आदल्या आठवड्यात बाळाला वजनासाठी घेऊन या." त्या भेटीत वजन, दंडाचा घेर व वर सांगितलेली लक्षणे पाहतो, आजीला चमच्याची कसोटी दाखवितो आणि नवव्या महिन्याची भेट ठरवितो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल अथवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर विलंब न लावता पोषण पुनर्वसन केंद्राची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवितो. तेथे अहंकार आड येऊ देऊ नये.

आरंभी उल्लेखिलेल्या कन्येला तूप-मूगडाळीची दाट खिचडी, मासळीचा गर आणि लोह सुरू केले. महिन्याभरात ती बसल्या जागी खेळू लागली आणि वजनाची रेषा वर वळली. तरी तिच्या वयाच्या मुलींना गाठण्यास तिला वर्षाहून अधिक काळ लागला. तो काळ आम्ही तिच्याकडून घेतला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. तिच्या धाकट्या भावाच्या वेळी तीच आजी १८० व्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद घेऊन आली होती, आणि त्याला तेव्हाही दात आलेले नव्हते.

इति शम्।